दुष्काळातल्या लेकी

वर्धा रोडलगतच्या मनीषनगरात घर केलेल्या नागपूरकराला दुष्काळ म्हटला की मराठवाडा आठवतो, फार तर माणदेश. 1896-97 साली मात्र मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती, आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. पुण्याहून एक विधवा बाई या प्रांतात आली ती निराधार मुलींना शोधत. पंडिता रमाबाईंची ही मोहीम पाहिली की ख्रिस्ती सेवेमागचा विचार प्रवचनाशिवाय कळतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे. तिथला राजा कुणाच्या उपासतापासांचा हिशेब मागत नाही. भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला वस्त्र दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढंच पाहतो; आणि त्या भुकेल्याच्या जागी मीच होतो, असं सांगतो. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आधीच आलेलं असतं. दोन्ही एकत्र वाचलं की दारातला याचक आपल्या पुण्याचं साधन उरत नाही. गाडगेबाबांच्या विदर्भाला हे काही परकं वाटू नये.

रमाबाईंना हे पुस्तकाआधी डोळ्यांनी दिसलं. 1883 साली इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनच्या फुलम भागातलं एक आश्रयगृह दाखवण्यात आलं. समाजाने ‘पतित’ म्हणून झिडकारलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या या विदुषीला अशा बायकांविषयीची ही करुणा नवीन होती. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. तरुणपणी दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली होती. म्हणूनच मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून त्यांना पुण्यात स्वस्थ बसवेना. त्यांनी तिथून आणलेल्या मुली आणि तरुण विधवा म्हणजे नुसते सापळे होते; अंगावर फोड, केसांच्या जटा. तशात पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या टाकून त्यांची सोय करावी लागली. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900च्या दुष्काळानंतर गुजरातेतल्या मुली आल्या आणि आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा. दोन वेळचं जेवण देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. मुलींना विणकाम, शेती, दुभती जनावरं, तेलाचा घाणा अशी कामं शिकवली. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. रमाबाईंनी स्वतः मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलसाठी छापखान्यात खिळे जुळवणारे हातही आश्रमातल्या बायकांचेच होते.

या कामावर सावट होतं ते धर्मांतराच्या आक्षेपाचं. मुक्तीच्याही आधी, 1893 साली, रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांसाठीच्या शाळेतल्या, शारदा सदनातल्या ख्रिस्ती प्रभावावरून वाद पेटला, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपाशी, पोरक्या मुलीची धर्माची निवड कितपत मोकळी असते, हे विचारायलाच हवं. पण जिच्या जवळ कुणी फिरकत नाही तिला न्हाऊ घालून, वाचायला शिकवून स्वतःच्या पायावर उभं करणं याला नुसतं आमिष म्हणणंही अप्रामाणिकपणाचं आहे.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावात निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतं. केडगाव दौंड-पुणे लोहमार्गावर आहे. नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याच रुळांवरून जातात. पुढच्या खेपेस दौंडला उतरा, लोकल पकडा आणि आधी परवानगी काढून आश्रम पाहून या.