कागदाचा बुरूज

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन नगर वसले आहे. तेथील जुना तट व दरवाजा पाहून परतल्यावर, आपणही एक कागदी बुरूज उभारावा, असा हट्ट आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा मजपाशी धरला. साहित्य ते किती! जाड कागद, कात्री, डिंक आणि संगणकावर उतरवून घेतलेला आराखडा.

आराखडा म्हणजे वस्तूचा उलगडा. खडूचे रिकामे खोके सांध्यांशी उकलून सपाट पसरा, म्हणजे तो कसा असतो हे ध्यानात येईल. एकाच आकाराचे उलगडे अनेक असू शकतात. साध्या घनाचे ११ होतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात असे उलगडे छापले होते. आता ‘नासा’ ही अमेरिकन संस्था आपल्या अवकाशयानांचे आराखडे विनामूल्य देते. आपल्या पुण्यात अनेक वर्षे कार्य केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही खेळण्यांच्या कृती अशाच मुक्तहस्ते दिलेल्या आहेत.

आराखड्यातील अखंड रेघ बहुधा कापावयाची व तुटक रेघ दुमडावयाची असते. कडेच्या लहान जिभांना डिंक लावतात. दुमडण्यापूर्वी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघेवर हलकासा दाब द्यावा. नाहीतर जाड कागद आपल्या मर्जीने मोडतो. डिंक लावण्याआधी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहावेत. हे मी मुलांस बजावले आणि स्वतः मात्र विसरलो!

आमच्या बुरुजाची भिंत म्हणजे २२ सेंटिमीटर लांबीची पट्टी. तिचे वेटोळे केले की ७ सेंटिमीटर व्यासाचे झाकण वर नेमके बसावे, असा हिशेब. झाकण एके दिवशी छापले, भिंत दुसऱ्या दिवशी. भिंत छापताना ‘पानात मावेल असे’ ही सूचना यंत्रात राहून गेली आणि आकृती शेकडा ३ ने आक्रसली. वेटोळ्याचा व्यास भरला सुमारे ६.८ सेंटिमीटर. दोन्ही भाग सारखेच आक्रसते, तर बुरूज लहान झाला असता, पण जुळला असता. आम्ही झाकण दाबले. ओला सांधा सुटला व भिंत उकलली.

सातवीतील एका मुलीने दोन्ही भाग पट्टीने मोजले आणि चूक गुरुजींची आहे, हे सर्वांसमक्ष, परंतु नम्रपणे सांगितले. पुन्हा छापण्यापूर्वी तिने आराखड्याच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची एक रेघ आखून ठेवली. पान छापून आले की आधी ती रेघ मोजावयाची, मगच कात्री हाती घ्यावयाची.