खुर्चीवाली नाना

नाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धोतर-टोपीतले एखादे आजोबा येतात. पण ही नाना बाई आहे. डेन्मार्कची नाना डित्झेल. फर्निचरच्या दुकानात लोखंडी स्टँडला टांगलेली, अंड्याच्या आकाराची वेताची खुर्ची पाहिलीय ना? तिच्या घराण्यातली सगळ्यात गाजलेली खुर्ची नाना आणि तिचा नवरा यॉर्गेन यांनी १९५९ साली केली.

नानाचा जन्म १९२३चा, कोपनहेगनचा. ती आधी चक्क सुतारकाम शिकली, मग फर्निचर डिझाइन. १९४६ साली शिक्षण संपलं आणि त्याच वर्षी लग्नही झालं. नवराही त्याच धंद्यातला, त्यामुळे कामावर नाव दोघांचं. फर्निचर, चांदीचे दागिने, सगळं जोडीनं. तीन मुली झाल्या. १९५५ साली लहान मुलांसाठी जेवणाच्या टेबलाशी बसायची उंच खुर्चीही केली.

१९६१ साली यॉर्गेन गेला. नाना अजून चाळिशीचीही नव्हती. पदरात तीन पोरी, आणि इतकी वर्षं दोघांनी मिळून चालवलेलं काम. माझ्या मते तिची खरी परीक्षा इथे होती.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिनं मुलांसाठी एक स्टूल केलं. शिवणयंत्राचं दोऱ्याचं रीळ असतं ना, तस्संच, पण लाकडी आणि मोठं. मुलं एका जागी धड बसतच नाहीत, हे तिनं पाहिलं होतं. (हे कळायला आईच हवी!) मग त्यांना दटावून बसवण्यापेक्षा वस्तूच अशी करावी, की तिच्यावर बसा, चढा, नाहीतर आडवी करून घरभर गडगडवा. ना पाठ, ना हात, ना टोचणारा कोपरा. मला तिच्या सगळ्या कामात हेच जास्त आवडतं.

१९६५ साली तिनं खुर्च्या-सोफ्यांसाठी लोकरीचं एक जाड कापड केलं, हालिंगदाल नावाचं. ते आजही विकलं जातं. १९६८ साली दुसरं लग्न करून ती लंडनला गेली. १९८५ मध्ये तेही गृहस्थ वारले. तेव्हा बाई साठी ओलांडलेल्या. कोपनहेगनला परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या! १९८९ साली दोघांनी बसायचं पातळ प्लायवूडचं, पट्ट्यापट्ट्यांचं बाक केलं.

आणि १९९३ साली, सत्तरीला टेकल्यावर, 'त्रिनिदाद' खुर्ची. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर जुन्या घरांना लाकडी नक्षीची झालर असते, त्यातून ऊन झिरपतं. ते तिच्या मनात राहिलं होतं. मग खुर्चीच्या पाठीला आणि बैठकीला पंख्यासारख्या लांब चिरा पाडल्या, त्याही संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं. हातानं रंधा मारायला शिकलेली ही बाई! २००५ साली ती गेली. खुर्ची अजून तयार होते. एकावर एक रचूनही ठेवता येते, आणि उन्हात ठेवली की जमिनीवर तिच्या चिरांची रांगोळी पडते.