खुरप्याची मूठ कोणाच्या हाताच्या मापाची?

पाऊस बरा झाला की आषाढ-श्रावणात आपल्या परभणी जिल्ह्यात जिकडे तिकडे खुरपणी सुरू होते. सेलू-मानवतकडे जा, नाहीतर गंगाखेड-पालमकडे, कापसाच्या, सोयाबीनच्या, तुरीच्या तासांत बायांच्या रांगा दिसतात. भल्या सकाळी भाकर बांधून, पाण्याची बाटली घेऊन या माउल्या निघतात आणि कमरेला खोचलेले किंवा पिशवीत टाकलेले खुरपे बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचे असते. मालक रोज देतो. खुरपे बाईने आणायचे, अशीच बऱ्याच गावांची रीत आहे.

दिवसभर उकिडवे बसून एकाच हाताने हे हत्यार चालवायचे. मूठ हाताला बसली नाही तर संध्याकाळी तळव्याला फोड येतात आणि मनगट धरते. ट्रॅक्टरवर, पंपावर, बियाण्यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहून येतात. खुरप्यावर कोण लिहितो?

खुरपे घडवणारा खरा जाणकार म्हणजे घिसाडी. महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला जाणारा हा समाज. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला पाल पडते, भात्याने किंवा हाताने फिरवायच्या पंख्याने कोळसा फुलतो आणि ऐरणीवर काम सुरू होते. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो आणि समोर उभी राहून घण मारते ती त्याची बायको किंवा मुलगी. बाईच्या अंगात जोर नसतो म्हणणाऱ्यांनी हे दृश्य एकदा उभे राहून पाहावे. लोखंड बहुधा भंगारातले असते. ट्रकचा जुना कमान पाटा मिळाला तर उत्तम, कारण ते पोलाद चिवट आणि धार धरणारे. तुकडा तोडायचा, ठोकून पाते पसरायचे, मागची दांडी ओढून वाकवायची, मग पात्याला पाणी द्यायचे. सगळी कला या पाणी देण्यात आहे. पाणी जास्त झाले तर पाते ठिसूळ होते आणि दगडावर आपटताच कपची उडते. कमी झाले तर दोन दिवसांत धार मुडपते.

हे सारे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालते, हीच या धंद्याची मोठी गोष्ट. बाई तिथेच बसून खुरपे हातात धरते, दोन वेळा जमिनीवर ओढून बघते. वाक कमी वाटला तर सांगते, आणि तो पुन्हा तापवून वाकवून देतो. काळी चिकट जमीन असेल तर पाते अरुंद लागते, नाहीतर मातीचा गोळा चिकटून बसतो. मुरमाड जमिनीला ते जाड हवे. मागच्या खेपेला घेतलेले खुरपे मोडले असेल तर ते घेऊन बाई पालावर हजर होते आणि चार शब्द ऐकवायलाही कमी करत नाही. पाल उठायच्या आत दुसरे करून दिले नाही तर पुढच्या वर्षी त्या गावात कोण विचारणार? घडवणाऱ्याला कागदावर काही लिहून द्यावे लागत नाही. ऐकून ऐकून त्याचा हातच सुधारतो.

गावगाड्यात मात्र असे नव्हते. बलुतेदारीत लोहार आणि सुतार सुगीला धान्य घेऊन कुणब्याचे काम करीत. ज्याच्या खळ्यावर धान्य, त्याच्या नांगराला आणि तिफणीला मान. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचे बलुते कसले, आणि त्याच्या बाईच्या खुरप्याची तक्रार ऐकणार कोण? रोख पैसे मोजून पालावर घेतलेल्या खुरप्याने निदान एवढे केले की मजूर बाईसुद्धा गिऱ्हाईक झाली. ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आता एक दूरचे उदाहरण सांगतो. मी कारकून माणूस, पेन हेच माझे खुरपे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक नोकरीधंदा सांभाळून घरच्या घरी छोट्या लेथवर लाकडाचे पेन कातण्याचा छंद करतात. लाकडाच्या चौकोनी तुकड्याला लांबीत भोक पाडायचे, आत पितळेची नळी चिकटवायची, मग तो तुकडा एका बारीक पोलादी दांड्यात ओवून फिरवत फिरवत गोल कातायचा. या दांड्याला ते मॅन्ड्रेल म्हणतात. तुकडा घट्ट बसावा म्हणून टोकाचा नट जरा जास्त आवळला की दांडा मध्ये किंचित वाकतो आणि पेन एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ होते. ही अडचण जवळपास प्रत्येक नवशिक्याची. तिच्यावर उपाय म्हणून लेथच्या मागच्या टोकाला बसणारे पोकळ सेंटर निघाले. दांडा त्याच्या पोटात शिरतो, आणि दाब दांड्यावर न येता लाकडाशेजारच्या कड्यांवर येतो. पटाशीला नीट धार लावणे नवख्याला जमत नाही, म्हणून स्क्रूने बसवायच्या कार्बाइडच्या चौकोनी चकत्या आल्या. एक कोपरा बोथट झाला की चकती फिरवून दुसरा पुढे घ्यायचा.

ही हत्यारे बनवणारे पुष्कळदा छोटेच कारखानदार असतात, कोणी एकटादुकटासुद्धा. त्यांना गिऱ्हाइकाचे ऐकावेच लागते, कारण पैसा मोजणारा आणि हत्यार धरणारा तिथे एकच माणूस असतो. आपल्या पालावरच्या बाईचेही तेच आहे. पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा झाला की गाडे अडते.

सायकल कोळप्याचेच बघा. एक चाक, मागे पास आणि धरायला दोन मुठी. उभ्याने ढकलत दोन तासांमधले तण काढता येते, कंबर वाचते. चांगली वस्तू आहे. पण ती घेतो शेतमालक, नाहीतर योजनेतून येते. चालवते बाई. दांड्याची उंची मात्र पुष्कळदा पुरुषाच्या मापाची. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतकाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची अंगमापे घेतली आहेत. त्यांत पुरुषाची सरासरी उंची साधारण १६३ सेंटिमीटर आणि बाईची साधारण १५१ आहे. म्हणजे जवळजवळ वीतभर नाही तरी चार-पाच बोटांहून जास्त फरक पडला. पुरुषाच्या छातीखाली येणारी मूठ बाईच्या छातीवर येते, आणि मग जोर हातांचा न लागता खांद्यांचा लागतो. दांड्याला चार भोके जास्त पाडून बोल्ट वरखाली करण्याची सोय ठेवली तर खर्च कितीसा येतो? शिवाय झाडाच्या बुडाजवळचे तण कोळप्याला निघत नाही. तिथे खुरपेच लागते. ओल्या काळ्या रानात चाकाला माती लागून ते जड होते. या गोष्टी चालवणारीला पहिल्या दिवशीच कळतात. तिला विचारले तर!

आपल्या परभणीत तसे विचारण्याचे काम झालेले आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञान महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. शेतकरी आणि मजूर बायांच्या कामातले कष्ट कसे कमी होतील, हा तिथल्या संशोधनाचा एक विषय. अशा कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जुन्या हत्याराने काम करताना बाईच्या हृदयाचे ठोके मोजतात, मग नव्या हत्याराने करताना मोजतात. माणसाच्या शरीराचे चित्र पुढे ठेवून कुठे किती दुखते ते विचारतात. दुखण्याचा असा हिशेब मांडता येतो, हे कळल्यावर माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्याला फार बरे वाटले.

पण बायांचा एक प्रश्न ठोक्यांत मोजता येत नाही. चांगल्या हत्याराने काम लवकर उरकले तर फायदा कोणाचा? गुत्त्याने काम घेतले असेल तर बायांचा, कारण एकराचा भाव ठरलेला असतो आणि वेळ वाचला तर दुसरे रान धरता येते. रोजाने असेल तर पाच जणींच्या जागी तीन बोलावतात आणि दोन जणी घरी बसतात. तणनाशकाच्या फवाऱ्याने खुरपणीचे दिवस आधीच कमी केले आहेत. म्हणून नवे हत्यार पाहून एखादी बाई नाक मुरडते तेव्हा तिला अडाणी म्हणणाऱ्याचा मला राग येतो. तिने मनातल्या मनात हिशेब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो.

विळ्याची गोष्टही थोडक्यात सांगतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा प्रसिद्ध आहे. वजनाला हलका, आणि दातांमुळे पुनःपुन्हा पाजवावा लागत नाही. मात्र दाते झिजले की ते पुन्हा पाडणे गावच्या लोहाराला सहज जमत नाही, आणि विळा उजव्या हाताचा. डावखुऱ्या बाईने काय करायचे? पालावर ती मागेल तसा उलट्या वाकाचा विळा मिळतो, दुकानात मिळत नाही.

दुकानातले साच्यात कापलेले पत्र्याचे खुरपे स्वस्त पडते, पण मोडले तर घेऊन जायचे कोणाकडे? घ्यायचेच असेल तर निदान चार गोष्टी बघून घ्या. मूठ धरल्यावर अंगठा आणि मधले बोट एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजे. मुठीवर कंगोरा किंवा खिळ्याचे टोक नको. दांडी मुठीतून आरपार जाऊन मागे मुडपलेली असावी, नुसती आत ठोकलेली मूठ पावसाळ्यात सैल होते. पाते बोटाने टिचकी मारून ऐकावे, बद्द आवाज आला तर चीर असू शकते. आणि ज्या बाईच्या हातात ते जाणार आहे तिलाच बाजारात न्यावे. नवऱ्याने किंवा मुलाने आपल्या हाताच्या अंदाजाने आणू नये. पालावर घेणार असाल तर जुने मोडके खुरपे सोबत न्या, कुठे झिजले आणि कुठे मोडले ते पाहूनच घिसाडी नव्याचा वाक ठरवतो.