नवे मूत्रपिंड, जुना विकार

दौंड-शिरूरकडे गुऱ्हाळ पाहिले नाही असा माणूस विरळाच. चरकातून आलेला रस फडक्यातून गाळून मग काहिलीत जातो. फडके तुंबले की आपण दुसरे बांधतो. पण रसातूनच चिकट गाळ येत राहिला तर? दुसरेही तुंबणारच! मूत्रपिंड बदललेल्या काही रोग्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. आता दुसरी गोष्ट. हाडांच्या मगजातील काही पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रथिने तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. कधी कधी, विशेषतः पन्नाशीनंतर, त्यांपैकी एकाच पेशीची प्रजा बेसुमार वाढते आणि एकाच साच्याचे प्रथिन रक्तात ओतीत राहते. पुष्कळांना त्याचा काही उपद्रव होत नाही. काहींच्या मात्र ते गाळण्यांत साचते आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

मग आई किंवा भाऊ आपले एक मूत्रपिंड देतो. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते. पण मगजातला कारखाना चालूच असतो ना! कित्येकदा काही महिन्यांतच नव्या गाळण्या बिघडू लागतात. शरीराने परके मूत्रपिंड नाकारणे वेगळे आणि हे वेगळे. १९५४ साली बोस्टनला एकरूप जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी रोपण झाले. अशा जुळ्यांत परकेपणाचा प्रश्नच नसतो. तरीही त्या काळच्या जुळ्यांच्या रोपणांत काहींचे निरनिराळे जुने मूत्रपिंडविकार नव्या मूत्रपिंडात परतलेच.

म्हणून रोपणापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, ‘पहिली मूत्रपिंडे कशाने गेली?’ रक्तातील व लघवीतील प्रथिने वेगळी करून पाहिली, की असले प्रथिन बहुधा सापडते. सापडले, तर आधी औषधांनी त्या पेशींना आवर घालावा लागतो. रोपणानंतर लघवीला फेस येणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे हलकी समजू नयेत. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा तपासून रोग ओळखता येतो आणि वेळीच ओळखला, तर आजच्या औषधांनी मूत्रपिंड पुष्कळदा वाचवताही येते.

दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एस.टी.ने पुणे गाठायचे म्हणजे दिवस मोडतो, हे खरे. ‘आता बरे वाटते, कशाला जायचे?’ असेही मनात येते. पण तपासणी चुकवू नका. देणाऱ्याजवळ आता एकच मूत्रपिंड उरले आहे. दुसऱ्यांदा तो कोठून देणार?