विश्लेषण : कच्च्या अंड्याशिवाय संत्र्याचे क्रीमी ड्रेसिंग घरी कसे करायचे?

कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी बंदी घातली. चिंता होती ती कच्च्या अंड्यातून होऊ शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूच्या बाधेची. सॅलडवर घालायच्या क्रीमी ड्रेसिंगच्या अनेक पाककृती मात्र आजही कच्च्या बलकापासूनच सुरू होतात. चक्का आणि संत्र्याचा रस वापरला तर त्याची गरजच उरत नाही.

अंडे नेमके काय करते?

तेल आणि रस कितीही घुसळले तरी थोड्या वेळाने तेल वर येते. बलकातील लेसिथिनचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि मिश्रण दाट राहते. यालाच इमल्शन म्हणतात. हे काम दह्यातील प्रथिनेही करतात आणि मोहरीच्या सालीतील चिकट द्रव्य त्यांना साथ देते. रायत्यात फेसलेली मोहरी घालणाऱ्या घरांना ही जोडी नवी नाही.

रसाने दही फाटणार नाही का?

नाही. दूध आंबट रसाने फाटते, कारण त्यातील प्रथिने आम्लामुळे गोळा होतात. दह्यात ही क्रिया आधीच होऊन गेलेली असते. अडचण असते ती दह्यातील पाण्याची. म्हणून दही फडक्यात तीन-चार तास, तेही फ्रिजमध्ये, टांगून ठेवावे.

कृती काय?

चार मोठे चमचे चक्का, एक लहान चमचा फेसलेली मोहरी आणि पाव चमचा मीठ आधी फेटून घ्यावे. मग दोन मोठे चमचे तेल बारीक धारेने, फेटणे न थांबवता सोडावे. सगळी कसोटी इथेच आहे. तेल एकदम ओतले तर ते वेगळे होते. तसे झालेच तर फेकू नये. दुसऱ्या वाटीत चमचाभर चक्का घेऊन बिघडलेले मिश्रण त्यात थोडे थोडे फेटत जावे. शेवटी दोन मोठे चमचे संत्र्याचा रस, एक लहान चमचा लिंबाचा रस, मिरपूड आणि हवा असल्यास थोडा मध घालावा. घाण्याचे शेंगदाणा तेल इतरत्र उत्तम, पण इथे त्याचा वास संत्र्यावर मात करतो. वासरहित तेल बरे.

लिंबू कशासाठी? संत्र्यात आम्ल लिंबाच्या मानाने बरेच कमी असते. नुसत्या संत्र्याचे ड्रेसिंग गोडसर आणि मिळमिळीत लागते. संत्र्याचा खरा सुगंध सालीच्या नारिंगी थरातील तेलात असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ती सोलल्यावर किसता येत नाही. अख्खे फळ धुऊन आधी हलक्या हाताने किसावे. पांढरा भाग आला की थांबावे, तो कडू असतो.

रस मिक्सरमधून काढू नये. बिया भरडल्या की लिमोनिनमुळे कडवटपणा येतो आणि तो लगेच जाणवत नाही, रस ठेवल्यावर वाढतो. सकाळी चाखलेले ड्रेसिंग रात्री कडू लागते ते यामुळे. म्हणून रस हाताने पिळून, ताजाच वापरावा.

हे ड्रेसिंग झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवता येते. काकडी, कोबीवर मात्र वाढण्याच्या वेळीच घालावे. मिठाने भाज्यांना पाणी सुटते आणि दाटपणा जातो.