सेल्फ टकटकतो, दोष बॅटरीवर

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यानं काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी वर्षानुवर्षं माणसं वाहिली. तशाच जुन्या जीप आज कुणाच्या शेतावर राबतात, तर कुणाच्या दारात नव्या रंगात, मोठ्या टायरवर उभ्या दिसतात. त्यांचं एक दुखणं मात्र सारखंच. चावी फिरवली की नुसतं ‘टक’ वाजतं, सेल्फ इंजिन उचलत नाही. जमलेले चौघे सांगतात, बॅटरी गेली. नवी बॅटरी येते, चार दिवस गाडी बरी चालते आणि मग पुन्हा धक्का मारायची वेळ येते.

यातले किती तरी पैसे वाचण्यासारखे असतात. कारण दोष बऱ्याचदा बॅटरीत नसतो, तो वीज परत येण्याच्या वाटेवर असतो. गॅरेजच्या भाषेत, अर्थ कच्चा असतो.

‘अर्थ’ या शब्दापासूनच घोळ सुरू होतो. घराचं अर्थिंग जमिनीत पुरलेलं असतं आणि ते माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी असतं. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिच्या अर्थचा जमिनीशी काही संबंध नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेली वीज सेल्फमधून जाऊन निगेटिव्हला परत यायला हवी. त्या परतीसाठी वेगळी तार न टाकता गाडीचं लोखंडच वापरतात, एवढाच त्याचा अर्थ. जेवढे अँपिअर जातात तेवढेच परत येतात. म्हणून पॉझिटिव्हला जाड केबल आणि अर्थला हाताशी असलेली कुठलीही वायर, हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

दुसरा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल चॅसिसला घट्ट बसवली म्हणजे सेल्फला अर्थ मिळाला, असं बहुतेकांना वाटतं. सेल्फ चॅसिसवर नसतो. तो बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सच्या अंगाला बोल्टनं बसवलेला असतो आणि त्याची बॉडी हाच त्याचा निगेटिव्ह. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात, आणि रबरातून वीज जात नाही. चॅसिस आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हाच दोघांमधला पूल. इंजिनचं काम करताना ती काढली जाते आणि परत लावायची राहून जाते, किंवा तेल-चिखलात कुजून तिचे चारच धागे उरतात.

मग वीज वाट शोधते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल, मिळेल त्या धातूतून ती परत फिरते. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर अशी केबल हाताला चटका देते, कधी तिचं आवरण वितळतं. केबल सारखी जाम होते म्हणून ती बदलत बसणाऱ्यानं एकदा ही पट्टी पाहावी.

आकडे पाहिले की गांभीर्य कळतं. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जुन्या पेट्रोल जीपच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे एमएम ५४० मधल्या प्यूजो डिझेल इंजिनासारख्या इंजिनाला फिरवताना सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. २०० अँपिअर धरले आणि गंजलेल्या जोडात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी तिथे २ व्होल्ट गळतात आणि ४०० वॅट उष्णता होते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीप तर ६ व्होल्टच्या होत्या. तेवढ्याच ताकदीला त्यांना दुप्पट करंट लागे, त्यामुळे तिथे असे २ व्होल्ट गेले तर तिसरा हिस्साच गेला.

मीटर लावला, शून्य ओहम दाखवतो, म्हणजे अर्थ पक्का? नाही. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, आणि तेवढा तर तुटक्या केबलच्या एका धाग्यातूनही जातो. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर धरावं आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगावं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ फिरताना आकडा साधारण ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर दोष त्या वाटेतच आहे. दिवेही बोलतात. सेल्फ मारताना हेडलाइट झगझगीत राहिले आणि इंजिन हललं नाही, तर बॅटरीआधी इंजिनचा अर्थ आणि सेल्फकडे जाणारी वाट तपासावी. दिवे पार मावळले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल.

हौसेनं नवा रंग दिलेल्या जीपमध्ये हा दोष हमखास सापडतो, कारण रंग आणि पावडर कोटिंग वीज अडवतात. केबलचं लग जिथे बसतं तेवढी रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मगच वरून व्हॅसलिन लावावं. व्हॅसलिन वीज वाहून नेतं असं मानून काही जण ते आत भरतात. त्याचं काम फक्त ओल आणि आम्लाची वाफ बाहेर ठेवण्याचं.

उत्तम मांडणी साधी आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून जाड केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपाशी न्यावी, इंजिनकडून चॅसिसला पट्टी द्यावी आणि बॉडीला वेगळी वायर. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर केबलमध्ये २०० अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट जातो, ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ ०.६. काम करताना निगेटिव्ह आधी काढावा आणि शेवटी जोडावा. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा लोट उठतो.

आणि वेरूळच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, हाताशी मीटर नसला, तर जंपर केबलची एकच तार पुरते. तिचं एक टोक आपल्याच बॅटरीच्या निगेटिव्हला लावावं, दुसरं शेवटी, बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चावी फिरवल्यावर सेल्फनं इंजिन झटक्यात उचललं, तर बॅटरीच्या दुकानात जायची गरज नाही. तांब्याची नवी पट्टी आणि घासायला पॉलिश पेपर आणावा.