घोड्याचं मनगट

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची स्मरणचित्रं पाहिली तर त्यांतल्या कितीतरी माणसांचे हात पाठीमागे, खिशात नाहीतर टोपलीआड गेलेले दिसतात. घोडा काढायची वेळ आलीच तर तो गवतात उभा राहतो, म्हणजे पाय झाकले जातात. यावरचा नेहमीचा सल्ला ‘सराव वाढव’ असा असतो. पण समजून न घेता केलेल्या सरावाने चूकच अंगवळणी पडते. हात आणि घोडा यांचा अभ्यास हाडांपासून सुरू करावा, आणि तोही एकत्र, असं मला ठामपणे वाटतं. कारण घोड्याचा पुढचा पाय मुळात हातच आहे.

आपलाच हात डोळ्यांसमोर धरून पाहावा. तळव्याच्या बाजूने बोटं आखूड दिसतात आणि पंजा पालथा केला की तीच लांब होतात. बेचक्यातली कातडी पहिल्या पेराच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत चढलेली असते, म्हणून हा फरक. बोट खरं सुरू होतं ते मूठ वळल्यावर वर येणाऱ्या सांध्यापासून. हे सांधेही एका ओळीत नसतात. मधल्या बोटाचा सर्वांत पुढे, करंगळीचा बराच मागे, अशी त्यांची कमान असते. अंगठा तर वेगळ्याच दिशेला वळलेला असतो. हाताच्या २७ हाडांपैकी ८ मनगटात, ५ पंजात आणि १४ बोटांत. एवढी विभागणी मनात पक्की असली की आधी पंजाचा ठोकळा, मग सांध्यांची कमान आणि शेवटी बोटं, हा क्रम आपोआप लागतो. बहुतेकजण नेमके उलटे, बोटांपासून निघतात.

आता घोडा. त्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. त्याखालची लांब नळी म्हणजे मधल्या बोटाचं पंजातलं हाड, त्याखालचा सांधा म्हणजे मूठ वळल्यावर उठणारा तोच सांधा, आणि खूर म्हणजे वाढून जाड झालेलं नख. मागच्या पायात उलटा वाकल्यासारखा दिसणारा सांधा ही टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. हे कळलं की मागचे पाय माणसाच्या पायांसारखे पुढे वाकवण्याची चूक होत नाही. ज्याने स्वतःचं मनगट नीट काढलं, त्याला घोड्याचं मनगट परकं वाटत नाही.

वारली चित्रांतल्या घोड्याला कुठे हाडं असतात, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. लग्नचौकातला घोडा खुणेच्या भाषेतला आहे आणि त्या भाषेला स्वतःची शिस्त, स्वतःचा सराव आहे. हात खिशात लपवणाऱ्या विद्यार्थ्याने ती भाषा निवडलेली नसते. त्याला हातच काढायचा असतो, पण जमत नाही. हाडं मोजत बसलं की चित्र ताठरतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी घोड्यांचा चित्रकार जॉर्ज स्टब्स याच्याकडे पाहावं. त्याने लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन करून रेखाटनं केली, आणि त्यांचं पुस्तक १७६६ साली निघालं. त्यानेच रंगवलेला ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा लंडनच्या नॅशनल गॅलरीत मागच्या पायांवर उभा आहे. त्याला ताठर म्हणायला कुणी धजणार नाही.

ताठरपणा येतो तो हाडांच्या तक्त्यावरच थांबल्याने. हाडं समजली की जिवंत जनावरापुढे बसून भराभर रेखाटायला हवं. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडे अजून रोज कामावर असतात. गिऱ्हाइकाची वाट पाहणारा घोडा मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं फक्त टोक जमिनीला लावतो, आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरतो. सगळा भार कोणत्या पायावर आहे, हे आधी ठरवावं. पहिली रेघ त्या पायाची काढावी, डोकं मागाहून.